टीआरपी ५.८ म्हणजे नक्की काय ५.८?

सांजवेळ

दर गुरुवारी आमच्या मालिकांच्या ग्रुपवर तोच गोंधळ, हिचा टीआरपी इतका, तिचा तितका, अमकी एक नंबरला गेली, तमकी आपटली. मीही त्यात असते. पण परवा पुतणीने सरळ विचारलं, काकू ५.८ म्हणजे ५.८ काय? लाख? टक्के? तर मला नीट सांगताच येईना. वर मी मनापासून बघत होते ती एक मालिका आधी आठवरून रात्री साडेदहाला ढकलली आणि मग दोन महिन्यांत गुंडाळली, कारण काय तर टीआरपी नाही. माझ्या ओळखीतल्या निम्म्या बायका ती बघायच्या हो. मग नाही म्हणजे कोणी मोजला, कसा मोजला? आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये कधी कोणी मीटर बसवायला आलेलं नाही. इथे जाहिरात, टीव्ही, संख्याशास्त्र असल्या क्षेत्रातली मंडळी आहेत म्हणून धागा काढतेय, जरा सविस्तर सांगा.

निळाई

टेलिव्हिजन रेटिंग पॉइंट. टक्केवारीच आहे ती. ५.८ म्हणजे त्या भागातल्या टीव्हीवाल्या लोकांपैकी ५.८ टक्के लोकांनी बघितलं.

मध्यमा

निळाई, निम्मं बरोबर आहे, पण "बघितलं" या शब्दातच खरी गोम आहे. मी बरीच वर्षं मीडिया प्लॅनिंगमध्ये होते, म्हणजे जाहिरात कुठल्या चॅनलला किती द्यायची ते ठरवणारं खातं, तर तिथे शिकलेलं सांगते.

टीआरपीत किती जणांनी बघितलं आणि किती वेळ बघितलं हे दोन्ही एकत्र असतं. उदाहरण घ्या. अर्ध्या तासाचा भाग, मोजायला माणसं दहा. एकाने पूर्ण ३० मिनिटं बघितलं, दोघांनी १५-१५ मिनिटं बघून चॅनल बदललं, बाकी सात जण फिरकलेच नाहीत. तर एकूण बघितलेली मिनिटं झाली ६०. सगळ्यांनी सगळं बघितलं असतं तर झाली असती ३००. साठ भागिले तीनशे म्हणजे २० टक्के, टीआरपी २०. पण चॅनलला फुशारकी मारायची असेल तर ते म्हणणार आम्ही ३० टक्के लोकांपर्यंत पोचलो, कारण तिघांनी थोडं का होईना बघितलं. त्याला रीच म्हणतात. तेही खोटं नाही, फक्त वेगळा आकडा आहे. या दोन आकड्यांच्या गल्लतीतून अर्धी भांडणं होतात.

म्हणजे ५.८ टीआरपीचा खरा अर्थ असा की त्या भागाचं कुठलंही सरासरी मिनिट घेतलं तर त्या मिनिटाला ५.८ टक्के लोक समोर होते. आता बार्क, म्हणजे आपल्याकडे हे आकडे मोजणारी संस्था, दर आठवड्याला जी यादी जाहीर करते त्यात टक्के नसतातच, हजारातली माणसं असतात, एएमए म्हणतात त्याला, म्हणजे सरासरी मिनिटाचे प्रेक्षक. ग्रुपवर फिरणारे ५.८, ६.१ वगैरे आकडे चॅनल आणि एजन्सी पैसे भरून जो डेटा घेतात त्यातून बाहेर आलेले असतात, नाहीतर कोणीतरी गणित करून काढलेले.

अनघड

हे सगळं ठीक पण मुळात मोजतात किती घरांत ते पण सांगा की. २०२० मध्ये बातम्यांत आलं होतं, ४४ हजार घरं. देशात टीव्ही असलेली घरं २१ कोटी. म्हणजे जवळपास पावणेपाच हजार घरांमागे एक घर. त्या एका घराने काय बघायचं ते ठरवणार आणि बाकीच्यांच्या मालिका बंद पडणार. मला तर हा शुद्ध अन्याय वाटतो. आणि सांजवेळ ताई, तुमच्या बिल्डिंगमध्ये कोणी आलं नाही ते यामुळेच.

त्रिज्या

अनघड, तुमचा राग समजतो पण पावणेपाच हजारांमागे एक हा मुद्दा तेवढा पक्का नाहीये. शितावरून भाताची परीक्षा आपण करतोच की, आणि पातेलं मोठं झालं म्हणून शितं जास्त लागत नाहीत, भात सगळीकडे सारखा ढवळलेला हवा एवढंच. नमुना किती मोठा हवा हे एकूण लोकसंख्येवर फारसं अवलंबून नसतं. पूर्ण देशाचा एकच आकडा काढायला ४४ हजार घरं भरपूर झाली.

गडबड होते ती तुकडे पाडल्यावर. देश सोडा, फक्त महाराष्ट्र-गोवा घ्या, त्यात फक्त मराठी मालिका, त्यात फक्त शहर, त्यात फक्त १५ ते २१ च्या मुली, असं करत गेलं की हातात मोजकी माणसं उरतात. आकड्यांत दाखवतो. समजा एका बाजारात, म्हणजे मोजणीसाठी धरलेल्या एका भागात, पॅनेलमधली, म्हणजे मीटर असलेल्या घरांतली, ४,००० माणसं आहेत आणि टीआरपी आला ५.८. साध्या नमुन्याच्या गणिताने दोन्हीकडे पाऊण टक्क्याच्या जवळपास चूक धरायची, म्हणजे खरा आकडा ५.१ ते ६.५ मध्ये कुठेही असू शकतो. तीच गोष्ट ३०० माणसांवर मोजली तर साधारण ३.२ ते ८.४! आणि एका घरातली माणसं एकत्रच बसून बघतात त्यामुळे प्रत्यक्षात चूक यापेक्षा जास्तच धरायला हवी. आता एवढं कळल्यावर ५.८ वाली मालिका एक नंबर आणि ५.६ वाली दोन नंबर यावरून कोणी कोणाशी भांडू नये असं मला फार वाटतं. तो फरक मोजणीच्या चुकीत कधीच बुडून गेलेला असतो.

निळाई

वा त्रिज्या, हे कुणी आजवर सांगितलं नव्हतं. मग क्रमवारी लावतातच कशाला?

त्रिज्या

कारण चार-पाच आठवडे सलग बघितलं तर दिशा कळते. एकटा आठवडा धरून बसू नये, एवढंच म्हणणं आहे.

रानवाट

भात ढवळलेला हवा हे त्रिज्यांचं वाक्य धरूनच पुढे लिहितो, कारण कित्येक वर्षं तो ढवळलेलाच नव्हता. बार्कचा डेटा एप्रिल २०१५ पासून यायला लागला. त्याच्या आधी टॅमचं राज्य होतं, नील्सन आणि कंटार यांची भागीदारीतली कंपनी. त्यांचे मीटर काही हजार आणि ते सगळे शहरांत. गावाकडे मीटरच नाही! म्हणजे टीव्ही असलेल्या घरांतली निम्म्याच्या आसपास घरं गणतीतच नव्हती आणि तरी त्या आकड्यांना देशाची आवड म्हणायचे.

बार्कने ऑक्टोबर २०१५ मध्ये ग्रामीण आकडे काढले आणि एका रात्रीत क्रमवारी उलटीपालटी झाली. फ्री डिशवर फुकट दिसणारे चॅनल, ज्यांना शहरात कोणी विचारत नव्हतं, ते एकदम वर आले. लोक तेच, आवडही तीच, फक्त पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्याकडे जाऊन मोजलं. मी गावाकडचा आहे म्हणून मला हे फार जवळचं वाटतं. आमच्याकडे काय बघतात याची दखल घ्यायला २०१५ साल उजाडावं लागलं.

सांजवेळ

बापरे केवढी माहिती! एक विचारू का, ते मीटर मोजतं कसं? टीव्ही चालू आहे आणि समोर कोणीच नाही, सगळे स्वयंपाकघरात, असं असलं तर?

मध्यमा

चांगला प्रश्न. चॅनल आपल्या आवाजात एक खूण मिसळून पाठवतं, आपल्या कानाला ती ऐकू येत नाही, वॉटरमार्क म्हणतात. टीव्हीजवळ ठेवलेलं मीटर तो आवाज ऐकून ओळखतं की कुठलं चॅनल, कुठल्या वेळेचं. हे झालं टीव्हीचं. माणसांसाठी वेगळा रिमोट असतो, घरातल्या प्रत्येकाला एक बटण नेमून दिलेलं. आजी बसली की आजीचं बटण दाबायचं, उठली की परत दाबायचं, पाहुणे आले तर त्यांचं वेगळं. आता तुम्हीच सांगा, ऐन रंगात आलेल्या भागात उठून फोन घ्यायला जाताना कोण आठवणीने बटण दाबेल. या सगळ्या यंत्रणेतली सगळ्यात कच्ची जागा तीच आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आवाजाची खूण चुकत नाही, माणसं विसरतात. तरी मीटर यायच्या आधी तर डायऱ्या असायच्या, काय बघितलं ते लोकांनी आठवून कागदावर लिहायचं, त्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

आणि वयाचं म्हणाल तर दोन वर्षांच्या पोरापासून पुढे सगळे मोजतात. टॅमच्या काळात चारपासून पुढे. म्हणून जुन्या आणि नव्या टीआरपीची तुलना करणारे मेसेज येतात ना, "पूर्वीच्या मालिकांना १५-१५ टीआरपी असायचा आता कुठे" वगैरे, त्यांना फारसा अर्थ नाही. मोजणारे वेगळे, मोजलेली माणसं वेगळी, शिवाय तेव्हा चॅनल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि आता शेकड्यांनी.

अनघड

मी परत येतोय कारण त्या बातम्यांच्या चॅनलवाल्या प्रकरणावर कोणी बोलतच नाहीये. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी जे उघड केलं म्हणून सांगितलं ते काय होतं मग? मीटर असलेल्या घरांना महिन्याला चारपाचशे रुपये देऊन ठरावीक चॅनल चालू ठेवायला सांगितलं जायचं असा आरोप होता. नमुन्याचं गणित कितीही शुद्ध असू दे, शीतच विकत घेतलं तर?

त्रिज्या

हा मुद्दा शंभर टक्के मान्य. आणि लहान तुकड्यांचं गणित इथेच येऊन चावतं बघा. बातम्या बघणारी माणसं मुळात कमी, त्यात इंग्रजी बातम्या बघणारी तर अगदीच थोडी. अशा ठिकाणी पाच-दहा घरं जरी फोडली तरी आकडा कुठल्या कुठे जातो. मोठ्या मराठी किंवा हिंदी मालिकेचा आकडा असा हलवायला कितीतरी जास्त घरं लागतील. म्हणून घरांची नावं गुप्त ठेवणं हा या सगळ्याचा पाया आहे, २०१४ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही तो आहे. आणि यादी फुटण्याचा प्रकार नवा नाही, २००१ मध्ये मुंबईतल्या मीटरवाल्या घरांची यादी बाहेर आली होती तेव्हाही असाच गदारोळ झाला होता.

मध्यमा

त्या प्रकरणानंतर बार्कने बातम्यांच्या चॅनलचे साप्ताहिक आकडे १२ आठवड्यांसाठी थांबवले म्हणून जाहीर केलं, ते प्रत्यक्षात परत सुरू व्हायला मार्च २०२२ उजाडलं. आणि आता बातम्यांचे आकडे एका आठवड्याचे नसतात, चार आठवड्यांची फिरती सरासरी असते. मला तो बदल पटतो. दर गुरुवारी वर-खाली व्हायची भीती कमी झाली की आरडाओरडाही थोडा कमी व्हावा ही अपेक्षा. झाला का ते तुम्हीच ठरवा.

लाच न देताही आकडा फुगवायच्या वाटा आहेत हेही सांगून ठेवते. सेट टॉप बॉक्स चालू केला की आपोआप जे चॅनल लागतं ते आठवतंय? ती जागा पैसे देऊन घेतात. तुम्ही रिमोट शोधेपर्यंत त्या चॅनलच्या खात्यात मिनिटं जमा. किंवा एकच चॅनल दोन-दोन नंबरांवर दिसणं. अशा अचानक आलेल्या उसळ्या ओळखून बाजूला काढायची पद्धत बार्कने लावली आहे, पण हा उंदीर-मांजराचा खेळ चालूच राहणार.

पडद्यामागे

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी मालिकांचे संवाद लिहिते, कुठल्या ते विचारू नका. आमच्याकडे गुरुवार म्हणजे निकालाचा दिवस. नुसता आकडा येत नाही, मिनिटामिनिटाचा आलेख येतो. कुठल्या मिनिटाला माणसं आली, कुठे गेली. एकदा सासरे-सुनेचा एक शांत प्रसंग होता, दोघं काही न बोलता जुनं कपाट आवरतात, मध्येच सासऱ्यांना सासूबाईंचा चष्मा सापडतो. मला स्वतःला तो सगळ्यात आवडलेला सीन. आलेखात नेमकी तिथे घसरगुंडी. पुढच्या आठवड्यापासून सूचना आली, शांत प्रसंग दीड मिनिटाच्या वर नको.

आता मध्यमा ताईंचं गणित वाचून तुम्हाला कळेल असं का होतं. पंधरा मिनिटांनी उठून गेलेला माणूस अर्धाच मोजला जातो, म्हणून कोणाला उठूच द्यायचं नाही. ब्रेकच्या आधी कोणीतरी दारात येऊन उभं राहतं, ढोल वाजतात, तीनदा चेहरा दाखवतात, ते सगळं त्यासाठी. लोक आम्हाला शिव्या घालतात की मालिका ताणता, पण अर्ध्या तासाचं प्रत्येक मिनिट धरून ठेवा असं ज्या मोजणीत सांगितलंय तिथे लिखाण तसंच होणार. आवडलं का हे त्या मीटरला कळत नाही, खिळून बसले का एवढंच कळतं. घरात शिवणकाम करताना मागे टीव्ही चालू असला तरी मिनिटं पूर्ण, आणि डोळ्यात पाणी आलं म्हणून उठून तोंड धुवायला गेलात तर मिनिटं कापली. हे मला आतून टोचतं, खूप टोचतं.

आणि उशीर बघा. बार्कचा आठवडा शनिवार ते शुक्रवार, निकाल पुढच्या गुरुवारी. म्हणजे शनिवारी दाखवलेल्या भागाचं काय झालं ते बारा दिवसांनी कळतं, तोवर पुढचे कितीतरी भाग शूट होऊन गेलेले असतात. मग कथा मध्येच वळते आणि प्रेक्षकांना वाटतं लेखकाचं डोकं फिरलं.

सांजवेळ

पडद्यामागे, तुमचा तो चष्म्याचा प्रसंग मला नक्की आवडला असता. असे प्रसंग लिहीत राहा हो, निदान आमच्यासारख्यांसाठी.

आता माझ्या मालिकेचं सांगा ना कोणीतरी. साडेदहाला ढकलल्यावर टीआरपी पडला आणि मग पडला म्हणून बंद केली. हे म्हणजे आधी पाय बांधायचे आणि मग पळत नाही म्हणायचं.

मध्यमा

सांजवेळ, तुमची तक्रार रास्त आहे. रात्री साडेदहाला मुळात टीव्हीसमोर माणसंच कमी, त्यामुळे आठच्या मालिकेशी टीआरपीची तुलना करणं चूकच. तिथे शेअर बघायचा असतो, म्हणजे त्या वेळी जे कोणी टीव्ही बघतायत त्यातले किती टक्के आपल्याकडे. रात्रीची २ टीआरपीवाली मालिका शेअरमध्ये संध्याकाळच्या ४ वालीला मागे टाकू शकते. चॅनलच्या लोकांना हे व्यवस्थित माहीत असतं.

पण शेवटी पैसा येतो तो टीआरपीवर. जाहिरातदार विचारतो एका पॉइंटला किती पडले. समजा दहा सेकंदांचे ५० हजार रुपये आणि टीआरपी ५, तर पॉइंटला दहा हजार. टीआरपी २ झाला आणि दर तोच ठेवला तर पॉइंटला पंचवीस हजार, कोण देईल? मग दर उतरवायचा. मालिकेचा रोजचा शूटिंगचा खर्च मात्र तेवढाच राहतो. तुमची मालिका बंद पडली ती लोकांना आवडत नव्हती म्हणून असेलच असं नाही, त्या दरात परवडेना हे जास्त शक्य आहे. टीआरपी जाहिरातीचा भाव ठरवायला जन्माला आला. आपण प्रेक्षकांनी तो लोकप्रियतेचा निकाल म्हणून उचलला.

निळाई

लॉकडाउनमध्ये दूरदर्शनने रामायण परत दाखवलं तेव्हा जगातला विक्रम झाला म्हणून आलं होतं, तो पण टीआरपीच ना?

त्रिज्या

नाही, तिथे माणसांची संख्या होती. १६ एप्रिल २०२० च्या भागाला ७.७ कोटी प्रेक्षक असं दूरदर्शनने जाहीर केलं. लगेच लोकांनी दाखवून दिलं की अमेरिकेतल्या एका मालिकेच्या १९८३ सालच्या शेवटच्या भागाला साडेदहा कोटींच्या वर प्रेक्षक होते. पण टक्क्यांत बघा म्हणजे मजा कळेल. आपले ७.७ कोटी म्हणजे देशातल्या टीव्ही बघणाऱ्यांपैकी साधारण ९ टक्के. तो अमेरिकन भाग तिथल्या टीव्ही असलेल्या घरांपैकी ६० टक्के घरांत चालू होता. तिकडे घरं धरली, इकडे माणसं, त्यामुळे हीसुद्धा सरळ तुलना नव्हे, पण अंतर किती आहे ते समजतं. ७.७ कोटी हा आकडा प्रचंडच आहे, त्यात वाद नाही. आपला देश एवढा मोठा की ९ टक्क्यांतही एखादा अख्खा देश मावतो.

रानवाट

आणि मोबाइलवर अ‍ॅपमध्ये बघणारे? माझी भाची सगळ्या मालिका बसमध्ये बघते.

मध्यमा

टीआरपीत नाही येत. टीआरपी म्हणजे टीव्हीच्या पडद्यावरचं. अ‍ॅपचे आकडे त्या त्या कंपनीकडे असतात, त्या हवे तेव्हा हवे तेवढे सांगतात. तरुण प्रेक्षक असलेल्या मालिकांवर यात अन्याय होतो हे खरंय, कधीकधी टीआरपी कमी असूनही मालिका चालू ठेवतात त्याचं एक कारण हेही असतं.

सांजवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न. पुढच्या गुरुवारी ग्रुपवर आकडा आला की मी काय विचारू? आणि आपल्या घरी मीटर लावून घ्यायला अर्ज वगैरे करता येतो का?

मध्यमा

विचारा की हा कुठल्या बाजाराचा आहे, महाराष्ट्र-गोवा की पूर्ण देश, शहर की शहर-गाव दोन्ही. कुठल्या वयोगटाचा. रोजच्या भागांची सरासरी की फक्त रविवारच्या महाएपिसोडचा. दुपारचं पुनःप्रक्षेपण धरलंय का. आणि टीआरपी आहे की रीच. यातलं काहीच कोणाला सांगता आलं नाही तर तो आकडा पुढे पाठवू नका.

अर्ज नाही करता येत. घरं तेच निवडतात, आधी मोठी पाहणी करून, कुठल्या थरातली किती घरं हवीत ते ठरवून. हौसेने पुढे आलेली घरं घेतली तर नमुना बिघडतो, कारण मालिकांवर जीव असलेलेच पुढे येणार. काही घरं दरवर्षी बदलतातही. आणि कोणी फोन करून म्हणालं की मीटर बसवून देतो, अमुक चॅनल लावून ठेवा, एवढे पैसे देतो, तर फोन ठेवा आणि सरळ पोलिसांत कळवा.